स्वॉर्डफिश जिंकलं कुठे आणि मेलं कुठे

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवर गप्पा निघाल्या की आधी स्पिटफायर, मग मस्टँग, मग मेसरश्मिट आणि मग कोणीतरी हमखास स्वॉर्डफिश काढतोच. काढताना सूरही ठरलेला असतो, म्हणजे बघा कापड चढवलेलं जुनाट बायप्लेन, पण बिस्मार्क या जर्मन बॅटलशिपला लोळवलं की नाही, जुनं ते सोनं वगैरे वगैरे. मला स्वतःला हे विमान प्रचंड आवडतं त्यामुळे मी अशा गप्पांमध्ये आधी मान डोलवायचो, पण जसजसं वाचत गेलो तसतसं हे कौतुक खटकायला लागलं. कारण त्यात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलेली असते. स्वॉर्डफिश जिथे जिथे जिंकलं तिथे आकाशात शत्रूचं एकही फायटर नव्हतं. आणि ज्या दिवशी होतं त्या दिवशी काय झालं ते या कौतुकात सहसा येत नाही, आलंच तर शौर्यगाथा म्हणून येतं.

आधी विमानाबद्दल थोडं. फेअरी कंपनीचं हे मशीन १९३४ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि १९३६ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या फ्लीट एअर आर्ममध्ये आलं. धातूचा सांगाडा, त्यावर कापड, एकावर एक दोन पंख, मध्ये खांब आणि तारांचं जाळं, पुढे एकच पेगॅसस इंजिन. तिघं जण बसायचे, पायलट, मागे वाट आणि लक्ष्य शोधणारा ऑब्झर्व्हर आणि त्याच्या मागे वायरलेस आणि मशीनगन सांभाळणारा. तिघांच्याही डोक्यावर छप्पर नाही. पोटाखाली साधारण ७३० किलोचा टॉर्पेडो लटकवला की वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास, आणि समोरून जोराचा वारा असेल तर खालचं जहाज आपल्यापेक्षा फार हळू चाललंय असं म्हणायचीही सोय नाही. मी कधीमधी प्लास्टिकची मॉडेल्स बनवतो, त्यात या विमानाच्या पंखांमधल्या तारा ओढून बसवायचं काम इतकं किचकट आहे की अर्धवट सोडलेलं मॉडेल कपाटात पडून आहे आणि त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होत नाही. असो.

इंजिन सुरू करायची पद्धत तर अफलातून. बटण वगैरे काही नाही, दोन मेकॅनिक बाजूला चढून हँडल लावून आतलं जड फ्लायव्हील हाताने फिरवायचे, आधी जाम जोर लावून हळूहळू आणि मग वेग धरत धरत त्याचा आवाज चढत जायचा, पुरेसा चढला की पायलट क्लच जोडायचा आणि इंजिन धडधडायला लागायचं, किंवा नाही लागायचं, मग परत पहिल्यापासून. हे सगळं हलणाऱ्या डेकवर, रात्री, भर वाऱ्यात करायचं.

आता प्रश्न असा की १९३९ मध्ये जगातलं एवढं मोठं नौदल हे असलं विमान घेऊन युद्धात का उतरलं? जपानकडे तोपर्यंत बी५एन हे धातूचं, एकपंखी टॉर्पेडो विमान होतं, अमेरिकेकडे डेव्हास्टेटर होतं. ब्रिटनमध्ये मात्र १९१८ मध्ये नौदलाची विमानशाखा उचलून रॉयल एअर फोर्समध्ये टाकली होती आणि एअर फोर्सचं सगळं लक्ष बाँबर आणि नंतर फायटरवर, जहाजावरच्या विमानांना कोण विचारतो. १९३७ मध्ये ठरलं की नौदलाला त्याची विमानं परत द्यायची आणि प्रत्यक्ष ताबा मिळाला मे १९३९ मध्ये, म्हणजे युद्धाला जेमतेम तीन-चार महिने उरलेले असताना. त्यामुळे स्वॉर्डफिश हा कोणी विचार करून निवडलेला हुकमी एक्का वगैरे अजिबात नव्हता, दोन खात्यांच्या वीस वर्षांच्या ओढाताणीत जे हातात उरलं ते होतं. यात रम्य काय आहे मला कळत नाही.

पण एक मान्य करायला हवं, जे हातात उरलं ते वापरायला कमालीचं सोपं होतं. अगदी कमी वेगातही हवेत टिकायचं, छोट्याशा डेकवरून उठायचं, डेक वरखाली होत असताना उतरायचं, वळवलं की लगेच वळायचं आणि पायलटच्या चुका पोटात घालायचं. त्यावर काय वाट्टेल ते लादता यायचं, टॉर्पेडो, बाँब, सुरुंग, उजेडासाठीचे फ्लेअर, पाणबुडीसाठी पाण्याखाली फुटणारे डेप्थ चार्ज, चाकं काढून फ्लोट लावले की पाण्यावरही उतरायचं. म्हणूनच तर त्याला स्ट्रिंगबॅग म्हणायचे, बाजारात न्यायची जाळीची पिशवी, काहीही कोंबा, मावतंय. फ्लोटवालंच एक विमान १३ एप्रिल १९४० ला नॉर्वेतल्या नार्विकच्या लढाईत वॉरस्पाइट या बॅटलशिपवरून उडवलं गेलं होतं. त्याने फ्योर्डच्या म्हणजे तिथल्या अरुंद खाडीच्या आतल्या टोकापर्यंत जाऊन जर्मन डिस्ट्रॉयर कुठे दबा धरून बसलेत ते कळवलं, वॉरस्पाइटच्या तोफांचे गोळे कुठे पडतायत ते सांगितलं आणि जाता जाता यू-६४ ही पाणबुडी बाँब टाकून बुडवली. उरलेले आठही जर्मन डिस्ट्रॉयर त्या दिवशी संपले. तिथेही वर जर्मन फायटर नव्हती, हे लक्षात ठेवा.

टारांटो हे माझ्या मते या विमानाचं खरं मोठं काम, बिस्मार्कपेक्षाही. तारीख ११ नोव्हेंबर १९४०, रात्र. इटलीच्या बुटाच्या टाचेला आतल्या बाजूने टारांटोचं बंदर आहे, तिथे इटालियन नौदलाच्या सहाच्या सहा बॅटलशिप नांगर टाकून होत्या. इलस्ट्रियस या विमानवाहू नौकेवरून दोन लाटांमध्ये एकूण २१ स्वॉर्डफिश निघाली, पहिल्या लाटेत १२, दुसरीत ९, त्यातलं एक वाटेतून परत फिरलं. खरं तर हल्ला २१ ऑक्टोबरला ट्रॅफल्गर डेला करायचा होता पण इलस्ट्रियसच्या हँगरमध्ये आग लागली म्हणून पुढे गेला, मग सोबत येणारी ईगल ही नौका बिघाडामुळे गळाली, तिची काही विमानं इलस्ट्रियसवर घेतली, आणि ऐन वेळी खराब पेट्रोलमुळे तीन विमानं समुद्रात गेली. एवढं सगळं आडवं येऊनही बेत रद्द केला नाही.

पल्ला लांब होता म्हणून जादा पेट्रोलची टाकी लागणार होती, ती ठेवायला जागा एकच, ऑब्झर्व्हरचं कॉकपिट. म्हणून ऑब्झर्व्हर मागे सरकून गनरच्या जागी बसला आणि गनरला जहाजावरच ठेवून आले. म्हणजे तिघांऐवजी दोघं, मागची मशीनगन चालवायला कोणी नाही. याचा अर्थ काय होतो बघा, मागून कोणी फायटर येणारच नाही हे त्यांनी धरून ठेवलं होतं, रात्रच त्यासाठी निवडली होती. शिवाय माल्टाहून उडणाऱ्या मेरीलँड विमानांनी बंदराचे फोटो काढून आणले होते, त्यात बॅराज बलून, म्हणजे विमानांना अडवायला तारांनी बांधून वर सोडलेले फुगे, कुठे आहेत, जाळ्या कुठपर्यंत आहेत हे दिसत होतं. वादळाने बरेच बलून उडून गेले होते आणि टॉर्पेडोविरोधी जाळ्या लागणार होत्या त्यापेक्षा फारच कमी बसवल्या होत्या. नशीब होतंच, पण नशीब कुठे आहे ते आधी बघून घेतलं होतं.

आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ती तार. उथळ पाण्यात टॉर्पेडो टाकायची अडचण अशी की वरून पडताना त्याचं नाक खाली जातं, तो खोल बुडी मारतो आणि तळाच्या चिखलात रुततो, टारांटोला पाणी बारा मीटरच्या आसपास होतं. मग काय केलं, तर विमानाच्या नाकाखाली एका ड्रमवर तार गुंडाळली आणि तिचं टोक टॉर्पेडोच्या नाकाला जोडलं. टॉर्पेडो सुटला की तार उलगडत जायची आणि त्याचं नाक वर ओढून धरायची, त्यामुळे तो सूर न मारता पोटावर सपकन पडायचा आणि फार खोल न जाता पळायला लागायचा. बस्स, एक ड्रम आणि थोडी तार.

आधी काही विमानांनी बंदराच्या पूर्वेला फ्लेअर सोडले, ते पॅराशूटवर लटकत जळत राहिले आणि पश्चिमेकडून येणाऱ्यांना बॅटलशिपच्या काळ्या आकृत्या उजेडासमोर दिसायला लागल्या. मग टॉर्पेडोवाले बलूनच्या तारांमधून वाट काढत पाण्याला जवळजवळ चाके टेकतील इतके खाली आले. खाली आल्यामुळे एक मजा झाली, इटालियन तोफखाना त्यांच्यावर मारा करायला नळ्या खाली करणार तर मधे आपलीच जहाजं. एकूण अकरा टॉर्पेडो होते, त्यातले पाच लागले, लितोरियोला तीन, काइओ दुइलिओला एक आणि कोन्ते दी कावूरला एक. कावूर तळाला टेकली आणि युद्धात परत कधीच उतरली नाही, बाकी दोघी काही महिने दुरुस्तीत अडकल्या. अर्धी बॅटलशिप फळी एका रात्रीत कामातून गेली आणि उरलेल्या दुसऱ्याच दिवशी नेपल्सला हलवल्या. ब्रिटिशांची दोन विमानं पडली, दोघं मेले, दोघं कैद झाले, त्यात पहिल्या लाटेचा प्रमुख विल्यमसन पण होता. वर्षभराने पर्ल हार्बर झालं आणि जपान्यांनी टारांटोचा अभ्यास केला होता हे जगजाहीर आहे, उथळ पाण्याची अडचण त्यांनाही सोडवावी लागलीच, त्यांनी टॉर्पेडोला लाकडी पंख लावून सोडवली.

आता बिस्मार्क. २४ मे १९४१ ला सकाळी बिस्मार्कशी लढताना हूड ही ब्रिटिश युद्धनौका स्फोटात उडाली, १,४१८ माणसांपैकी तीन वाचली, आणि सगळं ब्रिटिश नौदल बिस्मार्कच्या मागे लागलं. त्याच रात्री व्हिक्टोरियस या विमानवाहू नौकेवरून एस्मंड नावाच्या ऑफिसरने नऊ स्वॉर्डफिश नेली, एक टॉर्पेडो लागला पण तो चिलखती पट्ट्यावर, फार काही झालं नाही. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. मग बिस्मार्क हातातून निसटली, २६ तारखेला कॅटालिना विमानाला परत दिसली आणि हिशोब सोपा होता, ती फ्रान्समधल्या ब्रेस्टकडे चाललेली, रात्रीत तिचा वेग कमी झाला नाही तर दुसऱ्या दिवशी ती जर्मन विमानांच्या छत्राखाली. मागे लागलेल्या ब्रिटिश बॅटलशिपचं तेल संपत आलेलं. हाताशी फक्त जिब्राल्टरकडून आलेली विमानवाहू नौका आर्क रॉयल आणि तिच्यावरची स्वॉर्डफिश.

दुपारची पहिली फेरी म्हणजे निव्वळ फजिती. ढगातून खाली येऊन हल्ला केला तो चक्क आपल्याच शेफील्ड या क्रूझरवर. शेफील्डच्या कॅप्टनने उलट गोळी न झाडता फक्त जहाज गरागरा वळवून टॉर्पेडो चुकवले, आणि त्यातले काही तर पाण्यावर आपटल्या आपटल्या आपोआप फुटले कारण त्यांना चुंबकीय पिस्तूल म्हणजे जहाजाच्या चुंबकत्वाने उडणारा स्फोटक खटका लावला होता आणि खवळलेल्या समुद्रात तो भलतीकडेच उडत होता. यातून एक फायदा मात्र झाला, संध्याकाळच्या फेरीसाठी साधे, आदळल्यावर फुटणारे खटके लावले. आपल्याच जहाजावरची ही चूक झाली नसती तर कदाचित खरे टॉर्पेडोही असेच वाया गेले असते, युद्धाच्या इतिहासात असले प्रकार वाचले की डोकं चक्रावतं.

संध्याकाळी सातनंतर १५ विमानं उडाली. डेक लाटांवर पंधरा-पंधरा मीटर वरखाली होत होता, टेकऑफचा इशारा डेक वर चढायला लागला की द्यायचा नाहीतर विमान सरळ लाटेत. जॉन मॉफॅट नावाच्या पायलटने नंतर सांगितलेली आठवण आहे, तो बिस्मार्कच्या समोर पाण्यालगत आलाय, टॉर्पेडो सोडायला हात शिवशिवतोय आणि मागून ऑब्झर्व्हर मिलर ओरडतोय, अजून नको, अजून नको. मॉफॅटने मागे वळून पाहिलं तर मिलरचं फक्त बूड वर दिसतंय, बाकी तो कॉकपिटच्या बाहेर उलटा लोंबकळून खालच्या लाटा बघतोय. कारण टॉर्पेडो लाटेच्या माथ्यावर पडला तर भरकटणार, दोन लाटांच्या मधल्या खोलगट भागात पडला तर सरळ जाणार. समोरून बिस्मार्कच्या तोफा आग ओकतायत आणि हा पठ्ठ्या लाटा मोजतोय.

दोन टॉर्पेडो नक्की लागले. त्यातला एक मागे सुकाणूपाशी, आणि सुकाणू डावीकडे १२ अंशांवर अडकलं ते अडकलंच. बिस्मार्क गोल फिरायला लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी किंग जॉर्ज पाचवा आणि रॉडनी या बॅटलशिपनी तिला तोफांनी झोडपलं आणि २७ मे ला पावणेअकराच्या आत ती बुडाली. दोन हजारांवर माणसं गेली, सव्वाशेच्या आत वाचली. त्यामुळे स्वॉर्डफिशने बिस्मार्क बुडवली हे म्हणणं बरोबर नाही, स्वॉर्डफिशने तिला पांगळं केलं, पण ते नसतं केलं तर बाकीचं काहीच झालं नसतं.

आणि इथेच ती लाडकी दंतकथा येते, की विमानं इतकी हळू होती की बिस्मार्कच्या विमानविरोधी तोफांच्या यंत्रणेत तेवढा कमी वेग बसतच नव्हता म्हणून एकही पडलं नाही. एकही पडलं नाही हे खरंच आहे, एका विमानाला तर शंभरावर भोकं पडली होती तरी सगळी परतली. पण अंधारत आलेलं, ढग खाली उतरलेले, जहाज लाटांवर हलतंय आणि त्यात टॉर्पेडो चुकवायला जोरजोरात वळतंय, विमानं पाण्यालगत वेगवेगळ्या दिशांनी येतायत, यातलं काहीच नको, फक्त हळू असण्याने वाचली हे पटतं का? हळू असणं हेच चिलखत असतं तर नऊ महिन्यांच्या आत इंग्लिश खाडीत जे झालं ते झालं नसतं.

१२ फेब्रुवारी १९४२. शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाऊ आणि प्रिन्स ऑयगन ही जर्मन जहाजं ब्रेस्टहून आदल्या रात्री निघून भर दिवसा इंग्लिश खाडीतून जर्मनीकडे चालली होती, इंग्रजांच्या नाकासमोरून. वर जर्मन फायटरचं पांघरूण, जर्मन फायटर दलाचा प्रमुख अॅडॉल्फ गॅलंडने त्यासाठी अडीचशेच्या आसपास विमानं जमवली होती आणि पाळ्या लावल्या होत्या. ब्रिटिशांना पत्ता लागला तेव्हा फार उशीर झालेला आणि मॅन्स्टनच्या विमानतळावर तयार होती फक्त सहा स्वॉर्डफिश, प्रमुख तोच एस्मंड. बिस्मार्कवरच्या हल्ल्यासाठीचं डीएसओ पदक त्याने आदल्याच दिवशी राजवाड्यात जाऊन घेतलं होतं. हल्ला मुळात रात्री करायचा ठरला होता, आता दिवसा. सोबत फायटरच्या पाच स्क्वाड्रन देतो म्हणाले, वेळेवर आली फक्त दहा स्पिटफायर. एस्मंडने थोडा वेळ वाट बघितली आणि निघाला.

सहाच्या सहा पडली. १८ जणांपैकी १३ मेले. एकही टॉर्पेडो लागला नाही. एडगर ली हा दुसऱ्या एका विमानात ऑब्झर्व्हर होता, तिथून त्याने पाहिलं ते असं, की पुढच्या एस्मंडच्या विमानाच्या शेपटीचं कापड पेटलं आणि क्लिंटन हा गनर कॉकपिटमधून बाहेर येऊन विमानाच्या पाठीवर घोड्यासारखा बसून सरकत सरकत शेपटीपर्यंत गेला, हातांनी आग विझवली आणि परत जागेवर येऊन बसला. थोड्या वेळाने ते विमानही गेलं. एस्मंडला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पदक योग्यच आहे, माझं म्हणणं एवढंच की तो क्रॉस ज्याच्यामुळे द्यावा लागला त्या नियोजनावर कौतुकाच्या गप्पांमध्ये कोणी बोलत नाही.

आणि कोणी म्हणेल की विमान जुनं होतं म्हणून असं झालं, तर चार महिन्यांनी पॅसिफिकमधल्या मिडवेच्या लढाईत अमेरिकेची डेव्हास्टेटर बघा, धातूची, एकपंखी, साधारण दीडपट वेगाची. ४ जून १९४२ ला तीन विमानवाहू नौकांवरून ४१ गेली, जपानी झीरो फायटरनी बहुतेक सगळी पाडली, त्यातल्या टॉर्पेडो स्क्वाड्रन ८ ची तर १५ पैकी १५, माणूस वाचला एक. टॉर्पेडो टाकायला खाली, सरळ आणि हळू यावंच लागतं, आणि वर फायटर असेल तर बायप्लेन काय नि मोनोप्लेन काय.

त्यानंतर स्वॉर्डफिशला टॉर्पेडो घेऊन मोठ्या जहाजांवर पाठवणं हळूहळू बंदच झालं आणि त्याचं सगळ्यात लांबलेलं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं काम सुरू झालं, पाणबुड्यांच्या मागे लागायचं. रडार बसवलं, डेप्थ चार्ज दिले, नंतर पंखांखाली रॉकेट. डिसेंबर १९४१ मध्ये जिब्राल्टरजवळ एका स्वॉर्डफिशने रडारच्या जोरावर रात्री यू-४५१ बुडवली, मे १९४३ मध्ये आर्चर या छोट्या विमानवाहू नौकेवरच्या एकाने रॉकेट मारून यू-७५२. समुद्राच्या मधोमध जर्मन फायटर येणार कुठून? तिथे हळू असणं खरंच कामाचं होतं, कारण तासन्‌तास मालवाहू जहाजांच्या ताफ्याभोवती घिरट्या घालायच्या आणि मग छोट्याशा डेकवर उतरायचं. आर्क्टिकच्या ताफ्यांबरोबर तर उघड्या कॉकपिटमध्ये हेच काम, बर्फात, अंधारात, त्याबद्दल कोणी पोस्टर काढलं नाही.

विमानवाहू नौका पुरेनात म्हणून धान्य आणि तेल वाहणाऱ्या १९ मालवाहू जहाजांवर डेक ठोकला आणि प्रत्येकावर तीन-चार स्वॉर्डफिश ठेवली, पोटात माल भरलेलाच. या जहाजांवरच्या विमानांच्या नावावर पाणबुडी बुडवल्याची नोंद नाही. पण विमान वर दिसलं की पाणबुडीला खाली जावं लागायचं, आणि खाली गेलेल्या पाणबुडीचा वेग इतका कमी की ताफा निघून जायचा. शेवटपर्यंत हेच चाललं, उत्पादन ऑगस्ट १९४४ मध्ये थांबलं तोवर जवळजवळ २,४०० बनली होती, आणि गंमत म्हणजे त्याची जागा घ्यायला आलेलं अल्बाकोर फ्लीट एअर आर्ममधून आधी निवृत्त झालं. स्वॉर्डफिशची शेवटची लढाऊ स्क्वाड्रन, ८३६, युरोपातलं युद्ध संपल्यावर मे १९४५ मध्ये मोडली, तिचीच विमानं या मालवाहू जहाजांवर असायची आणि त्यातल्या काहींच्या अंगावरचं रॉयल नेव्ही खोडून पोरांनी मर्चंट नेव्ही असं रंगवून टाकलं होतं.